चीन उत्तर कोरियाला आवरत का नाही? तेल, कोळसा, शिलाई आणि केसांचे टोप

भुईकोट (धागाकर्ता)

उत्तर कोरियानं क्षेपणास्त्र उडवलं की आपल्या सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यापासून दिल्लीच्या स्टुडिओपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: चीननं मनात आणलं तर किम जोंग-उन दुसऱ्या दिवशी ताळ्यावर येईल. आकडे पाहिले तर हे पटण्यासारखं आहे. उत्तर कोरियाचा ९० टक्क्यांहून जास्त नोंदलेला व्यापार एकट्या चीनशी होतो. कच्चं तेल चीनच्या नळातून येतं. सीमा सुमारे १,४०० किलोमीटरची. तरी २००६ ते २०१७ या काळात सहा अणुचाचण्या झाल्या आणि त्यातली एकही चीनला थांबवता आली नाही.

म्हणून हा धागा. चीन चांगला की वाईट हे इथं नको. चीनच्या हातात नेमक्या कोणत्या कळा आहेत, त्या कधी दाबल्या आणि दाबल्यावर काय झालं, एवढंच लिहा. डॉ. कोटणीसांच्या गावात चीनचा विषय निघाला की भावना मध्ये येतातच, पण त्यांच्यावर वेगळा धागा आहे.

पहिली कळ मीच मांडतो, कागदावरची. ११ जुलै १९६१ चा मैत्री करार. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार एकावर हल्ला झाला तर दुसऱ्यानं तात्काळ लष्करी मदत करायची. चीनचा असा करार दुसऱ्या कुठल्याही देशाशी नाही. तो दर वीस वर्षांनी नव्यानं होतो असं सगळीकडे छापून येतं, पण करारात तशी मुदत नाही. दोन्ही बाजू बदलायला किंवा मोडायला राजी होईपर्यंत तो चालूच राहतो. म्हणजे चीनला एकतर्फी बाहेर पडण्याचा सोपा दरवाजाच ठेवलेला नाही. आणखी एक गंमत बघा. किम इल-सुंग (तेव्हाचे सत्ताधीश, आताच्या किमचे आजोबा) यांनी जवळपास असाच करार पाच दिवस आधी, ६ जुलैला, मॉस्कोत केला होता. एकाच आठवड्यात दोन घरी पाहुणचार!

हिप्परगा

तेलाचं मी सांगतो, कारण "नळ बंद करा" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात कमी समजून घेतलं जातं.

चीनच्या दांदोंगजवळून यालू नदीखालून पाइपलाइन पलीकडे जाते. लांबी तीसेक किलोमीटर. पलीकडे सिनुइजूच्या बाजूला पोंगहवा रासायनिक कारखाना आहे, तिथं तेल शुद्ध होतं. १९७० च्या दशकाच्या मध्यात ही लाइन सुरू झाली, ती चीनच्या दाचिंग क्षेत्राचं तेल गृहीत धरून. दाचिंगचं तेल मेणचट. तीसेक अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं, म्हणून गरम करून ढकलावं लागतं. सिनुइजूच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली असतो. प्रवाह थांबला की तेल थंड होतं, मेण पाइपच्या आतल्या भिंतीला धरतं, आणि पुन्हा चालू करताना पंपाचा दाब पुरत नाही. उजनीवरून येणाऱ्या लाइनचा पंप एक दिवस बंद पडला की शहराचं पाण्याचं वेळापत्रक पुढं किती दिवस कोलमडतं हे इथं सांगायला नको. इथं तर आत पाणी नाही, मेण आहे. त्यामुळे नळ थोडा फिरवता येतो, पण महिनोन्‌महिने बंद ठेवला तर लाइनच जाण्याची भीती. लाइन गेली की कळही गेली.

आता आकडे. डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २३९७ नं कच्च्या तेलाला वर्षाला ४० लाख बॅरल किंवा ५ लाख २५ हजार टन अशी मर्यादा घातली. २०१३ पर्यंत चीनचं सीमाशुल्क खातं जे आकडे छापत होतं ते वर्षाला साधारण सव्वापाच लाख टनांच्या आसपासच होते. थोडक्यात, मर्यादा घातली ती आधीपासून चालू असलेल्या पुरवठ्याएवढीच. चीननं ठरावाला मत दिलं आणि नळ होता तिथंच ठेवला. २०१४ पासून तर त्या रकान्यात शून्य छापलं जातं. तेल थांबलेलं नाही, छापणं थांबलं.

जुळे_सोलापूर

म्हणजे तांत्रिक अडचण हे निमित्तच ना? उन्हाळ्यात बंद करा की मग. खरी गोष्ट साधी आहे, चीनला बंद करायचंच नाही.

हिप्परगा

@जुळे_सोलापूर, एकदा केलंय. २००३ च्या सुरुवातीला तीन दिवस पुरवठा थांबला. अधिकृत कारण तांत्रिक बिघाड. एप्रिल २००३ मध्ये उत्तर कोरिया बीजिंगला अमेरिकेसोबत एका टेबलावर बसला, आणि ऑगस्टपासून सहा देशांची बोलणी सुरू झाली. तीन दिवसांमुळेच हे झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, त्याच वेळी अमेरिका इराकमध्ये शिरली होती. पण निकाल काय लागला बघा: टेबलावर आणलं, बाँबपासून मागं नाही आणलं. पहिली अणुचाचणी ९ ऑक्टोबर २००६ ला झालीच, आणि बीजिंगला खबर मिळाली ती जेमतेम वीस मिनिटं आधी.

चादरवाला

तेलावर सगळे बोलतात मालक, कापडावर कोण बोलत नाही. ही आपल्या गावाची लाइन आहे म्हणून जरा सविस्तर.

२०१७ पर्यंत दांदोंगमधला धंदा असा चालायचा. ऑर्डर चिनी व्यापाऱ्याकडं. कापड, दोरा, बटणं, चेन, लेबल सगळं चीनमधून पुलावरून पलीकडं जायचं. सिनुइजू आणि प्योंगयांगच्या कारखान्यात कटिंग-शिलाई व्हायची आणि तयार माल परत दांदोंगला. लेबल 'मेड इन चायना'. आपल्याकडं ज्याला जॉबवर्क म्हणतात तेच. कच्चा माल पार्टीचा, मजुरी आपली. यात उत्तर कोरियाला फक्त शिलाईचा दर मिळतो, पण रोकड परकीय चलनात मिळते. अमेरिकेनं ठरावाच्या वेळी दिलेल्या हिशोबात कापड-कपड्यांची निर्यात वर्षाला सरासरी ७६ कोटी डॉलर धरली होती.

११ सप्टेंबर २०१७ चा ठराव २३७५ आला आणि कापड निर्यातीवर पूर्ण बंदी. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रकरण ५० ते ६३. आपला टेरी टॉवेल ६३०२ मध्ये बसतो, म्हणजे तिकडं विणलेला टॉवेल कुठल्याच देशाला कायदेशीर घेता येत नाही. डिसेंबरच्या २३९७ नं उलट बाजूनंही दार लावलं. प्रकरण ८४ आणि ८५ ची यंत्रसामग्री उत्तर कोरियाला पाठवायची नाही. शिलाई मशीन ८४५२ मध्ये येतं. मशीनची सुईसुद्धा त्याच शीर्षकाखाली! हातशिलाईची सुई ७३१९, आणि प्रकरण ७२ ते ८३ सुद्धा बंद. सुईपर्यंत बंदी, आता बोला.

मग कामगार काय करणार? इथं कागदातली फट कामाला आली. केसांचे टोप, खोट्या दाढ्या, पापण्या हे सगळं ६७०४. प्रकरण ६७ बंदीच्या यादीत नाही. चीनच्या हेनान प्रांतातलं शूचांग हे टोपांचं मोठं केंद्र. चिनी व्यापारी केस पाठवतात, तिकडं हातानं एकेक गाठ मारून टोप तयार होतो आणि परत येतो. तेच जॉबवर्क, फक्त प्रकरण बदललं. २०२३ मध्ये चीननं या मालाची सुमारे १६.७ कोटी डॉलरची आयात दाखवली, उत्तर कोरियाच्या चीनला होणाऱ्या एकूण निर्यातीच्या निम्म्याहून जास्त. कुठल्याही जीएसटीवाल्याला विचारा, माल बंद करायचा असेल तर कोडवर बंदी घालून पुरत नाही, मजुरी कुठं वळते ते बघावं लागतं. चीनला हे कळत नाही असं कुणी सांगू नका.

सात_रस्ता

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

रेल्वे_लाईन्स

सगळे २००३ आणि २०१७ मध्ये अडकलेत. खरा धडा १९५६ चा आहे आणि बीजिंगमध्ये तो अजून कुणी विसरलेलं नाही.

ऑगस्ट १९५६ मध्ये कोरियाच्या कामगार पक्षात किम इल-सुंग यांच्याविरुद्ध उठाव झाला. त्यात चीनमध्ये राहून आलेले, येनान गटाचे नेते पुढं होते. किमनं त्यांना पक्षातून काढलं, काही जण यालू ओलांडून चीनला पळाले. सप्टेंबरमध्ये चीनचे पेंग देहुआई आणि सोव्हिएत संघाचे मिकोयान एकत्र प्योंगयांगला गेले. पेंग म्हणजे कोरियन युद्धात चिनी फौजांचे सेनापती. त्या वेळी चीनचं लाखोंचं सैन्य कोरियाच्या भूमीवर होतं. दोन महासत्तांचे दूत, दारात फौज, यापेक्षा मोठी कळ कोणती असते? किमनं मान डोलावली, काढलेल्यांना परत घेतलं. दूत परतले आणि थोड्याच काळात साफसफाई पुन्हा सुरू झाली. येनान गट संपला तो कायमचा. १९५८ मध्ये चीननं फौज माघारी नेली.

तेव्हापासून एक नियम दिसतो. प्योंगयांगमध्ये जो माणूस बीजिंगचा म्हणून ओळखला जातो त्याची खैर नसते. डिसेंबर २०१३ मध्ये जांग सोंग-थेक यांना मारलं. ते किम जोंग-उन यांच्या आत्याचे यजमान आणि चीनबरोबरच्या व्यवहारांचे मुख्य सूत्रधार. आरोपपत्रात कोळसा आणि रासोन या विशेष आर्थिक क्षेत्राची जमीन परक्यांना स्वस्तात विकल्याचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्वालालंपूर विमानतळावर किम जोंग-नाम यांना विषारी रसायन लावून मारलं. ते किम जोंग-उन यांचे सावत्र भाऊ आणि मकाऊत चीनच्या छायेखाली राहणारे. म्हणजे चीनकडं आत पर्यायी माणूसच उरू दिलेला नाही. पैशाची कळ आहे, माणसाची नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच, आणि चर्चेत सगळ्यात कमी येते तीही हीच.

विजापूर_वेस

@रेल्वे_लाईन्स जांग यांच्या बाबतीत सहमत. आता कोळशाचं बघू, कारण चीननं उघडपणे ओढलेली सगळ्यात मोठी कळ तीच.

मार्च २०१६ च्या ठराव २२७० मध्ये कोळशावर बंदी होती, पण 'लोकांच्या उपजीविकेसाठी' ही पळवाट ठेवलेली. परिणाम, आयात चालूच. नोव्हेंबरमध्ये २३२१ आला. वर्षाला ७५ लाख टन किंवा सुमारे ४० कोटी डॉलर, जे आधी भरेल ते. डिसेंबर २०१६ या उरलेल्या एका महिन्यासाठी १० लाख टनांची वेगळी मर्यादा होती, चीनमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास कोळसा उतरला. गोंधळ यात होता की हिशोब ठेवणारं संयुक्त राष्ट्रांचं खातं महिना संपल्यावर बेरीज करतं आणि जहाजं महिना संपायच्या आत येतात. मग १८ फेब्रुवारी २०१७ ला चीननं वर्षअखेरपर्यंत आयात बंद केल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये ठराव २३७१ नं ती सगळ्यांसाठीच बंद झाली.

याचं उत्तर काय आलं? मे २०१७ मध्ये उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेनं चीनचं नाव घेऊन टीका केली, जी सहसा होत नाही. १४ मेला, बीजिंगमध्ये बेल्ट अँड रोडचं संमेलन भरलेलं असताना, क्षेपणास्त्र. ३ सप्टेंबरला, शियामेनमध्ये ब्रिक्स परिषद सुरू होण्याच्या दिवशी, सहावी आणि सगळ्यात मोठी अणुचाचणी. हादरे चीनच्या यानबियान भागात जाणवले. मुहूर्त शोधून काढल्यासारखे.

कोळसा समुद्रात मात्र थांबला नाही. चीनच्या निंगबो-झोउशान बंदराबाहेर जहाजं नांगर टाकतात, तिथं माल छोट्या बोटींवर उतरतो. उलट दिशेनं डिझेल. दोन टँकर बाजूबाजूला बांधायचे, मध्ये रबरी फेंडर, होस टाकून माल ओतायचा. आधी जहाजाचं ठिकाण सांगणारं एआयएस यंत्र बंद, कधी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, रंगवून बदललेला. हे सगळं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालांत उपग्रह छायाचित्रांसह येत होतं. मार्च २०२४ मध्ये रशियानं नकाराधिकार वापरला आणि ३० एप्रिलला ते मंडळच संपलं. चीन तटस्थ राहिला. आता संयुक्त राष्ट्रांतर्फे मोजणारंच कुणी नाही.

जुळे_सोलापूर

माझा मुद्दा अजून कायम आहे. दक्षिण कोरियानं अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवली तेव्हा चीननं काय केलं आठवा. ज्या कंपनीनं जमीन दिली त्या लोट्टेची चीनमधली दुकानं अग्निसुरक्षेच्या नावाखाली धडाधड बंद झाली, मार्च २०१७ पासून सहलींचे गट थांबले. ठराव नाही, मर्यादा नाही, पळवाट नाही. कळ ओढायची असली की चीनला ओढता येते. बाँब बनवणाऱ्यापेक्षा बाँबपासून वाचू पाहणाऱ्यावर चीननं जास्त हात उचलला.

भुईकोट (धागाकर्ता)

@जुळे_सोलापूर, उदाहरण बिनतोड आहे, पण ते उलटंही वाचता येतं. लोट्टेला धक्का बसला तर सोलमधलं सरकार कोसळून यालूच्या काठावर निर्वासित येणार नव्हते. दक्षिणेवर कळ ओढण्याची किंमत चीनला कमी पडते. उत्तर कोसळला तर पहिली गर्दी तुमेन नदी ओलांडून, जी हिवाळ्यात गोठते. अण्वस्त्रं कुणाच्या ताब्यात, याची शर्यत. आणि दक्षिणेतलं २८,५०० अमेरिकन सैन्य सीमेवर येण्याची शक्यता. १९५० मध्ये चीन ज्या कारणासाठी युद्धात उतरला तेच कारण. म्हणून चीनचा दबाव 'कधी' आणि 'किती' यावर चालतो, 'काय' यावर नाही. २०१७ मध्ये आवळलं, मार्च २०१८ मध्ये किम सत्तेवर आल्यावरच्या पहिल्या परदेश दौऱ्यावर बीजिंगला आले, लगेच सैल सोडलं. जूनमध्ये ट्रम्पना भेटायला सिंगापूरला गेले तेही एअर चायनाच्या विमानानं.

सात_रस्ता

आपल्याकडचं उदाहरण कुणी घेतलंच नाही. नेपाळ, सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६. भारतानं नाकेबंदी कधी मान्य केली नाही, आंदोलकांनी रस्ता अडवलाय असं म्हटलं. काठमांडूनं मात्र तिला नाकेबंदीच म्हटलं. तेव्हा नेपाळचं सगळं इंधन इंडियन ऑईलकडून जायचं, त्यातलं बरंचसं रक्सौल-बीरगंजच्या नाक्यातून टँकरनं. भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते. गॅस सिलिंडर अर्धे भरून वाटावे लागले. फळ काय मिळालं? ऑक्टोबर २०१५ मध्येच नेपाळनं पेट्रोचायनाशी सामंजस्य करार केला, मार्च २०१६ मध्ये चीनशी वाहतूक करार. हिमालय ओलांडून तेल आणणं परवडत नाही हे सगळ्यांना माहीत, तरी कागद झाला. नंतर भारतानंच मोतिहारी-अमलेखगंज ६९ किलोमीटरची पाइपलाइन टाकली, २०१९ मध्ये उद्घाटन. म्हणजे कळ ओढली, शेजारी दुसऱ्या दारात गेला, मग त्याला धरून ठेवायला आणखी जाड पाइप द्यावा लागला.

किमचं दुसरं दार आता रशिया आहे. १९ जून २०२४ चा प्योंगयांग करार, चौथ्या कलमात परस्पर लष्करी मदत. त्याच शरद ऋतूत युक्रेनविरुद्ध लढायला रशियाच्या कुर्स्क भागात सैनिक गेले. बदल्यात तेल, धान्य, रोकड. चीनच्या नळाची किंमत तेवढी उतरली.

रेल्वे_लाईन्स

नेपाळची तुलना अर्धीच लागू पडते, काठमांडूत निवडणुका होतात. पण दुसऱ्या दाराचा मुद्दा बरोबर आहे. १९६० च्या दशकात मॉस्को आणि बीजिंग भांडले तेव्हा किम इल-सुंग यांनी दोघांकडूनही घेतलं. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी, त्यांना सुधारणावादी म्हणून शिव्या घातल्या, तरी करार टिकला.

जाता जाता: कोरियन युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये मायदेशी जायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त युद्धकैदी सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. यावर धागा काढायला हवा.

हिप्परगा

रशियाच्याही आधीचा पुरावा सगळे विसरले. कोविड. जानेवारी २०२० मध्ये उत्तर कोरियानं स्वतःहून सीमा बंद केली. चीनशी व्यापार २०१९ मध्ये सुमारे २८० कोटी डॉलर होता, २०२१ मध्ये ३२ कोटींच्या आसपास. पहिली मालगाडी दांदोंगला आली ती जानेवारी २०२२ च्या मध्यात. कुठल्याही ठरावानं जेवढी नाडी आवळली नसती तेवढी त्यांनी स्वतःची आवळली, दोन वर्षं. लोकांचे हाल झाले, सरकार हललं नाही, आणि २०२२ मध्ये क्षेपणास्त्रांचा उच्चांक झाला. "व्यापार तोडला तर शरण येतील" या गृहीतकाची याहून मोठी चाचणी कोण घेणार? मे २०२२ मध्ये अमेरिकेनं कच्च्या तेलाची मर्यादा ३० लाख बॅरलवर आणायचा ठराव मांडला. तेरा मतं बाजूनं, चीन आणि रशियाचा नकाराधिकार. चीननं हा हिशोब मांडूनच हात वर केला असणार.

जुळे_सोलापूर

कोविडचा मुद्दा मान्य. पण तेव्हाही कच्च्या तेलाची लाइन चालूच होती ना? मग चाचणी पूर्ण झाली कुठं?

हिप्परगा

@जुळे_सोलापूर, हा मात्र नेमका वार आहे. लाइन चालू होती असंच मानलं जातं. म्हणजे तेल वगळून बाकी सगळं बंद, एवढीच चाचणी झाली.

चादरवाला

एक व्यवहाराची शंका. २३९७ मध्ये शुद्ध केलेल्या तेलाची (डिझेल, पेट्रोल वगैरे) मर्यादा वर्षाला ५ लाख बॅरल, पण चीन सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीला आकडा टनात देतो. मग मर्यादेच्या ७५, ९० आणि ९५ टक्क्यांना सूचना निघायची ती कशावरून?

विजापूर_वेस

@चादरवाला, वाद तिथंच होता. टनाचे बॅरल करताना माल कोणता ते पाहावं लागतं. डिझेलचा एक टन म्हणजे साधारण ७.४५ बॅरल, पेट्रोलचा ८.५. त्यामुळे ५ लाख बॅरल म्हणजे सगळं डिझेल धरलं तर ६७ हजार टन, सगळं पेट्रोल धरलं तर ५९ हजार. तीन हजार टनांचा टँकर डिझेल घेऊन गेला तर बावीस-तेवीस खेपांत वर्षाचा कोटा संपतो. समुद्रातल्या खेपा यात धरायच्या की नाही यावर अमेरिका एकीकडे, चीन-रशिया दुसरीकडे. चीन म्हणायचा, पुरावा पुरेसा नाही.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी चीनच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर दर महिन्याच्या १८ ते २० तारखेच्या सुमाराला आदल्या महिन्याचे देशवार आकडे पाहावेत. कच्च्या तेलाचा रकाना सोडून द्या. ६७०४ म्हणजे टोप बघा, खतं बघा, सोयाबीन तेल आणि तांदूळ बघा. खत वसंतात वाढलं नाही तर काहीतरी बिनसलंय असं समजा.

भुईकोट (धागाकर्ता)

यात पूल जोडा. दांदोंग-सिनुइजूचा जुना मैत्री पूल १९४३ चा, एकेरी रूळ आणि एकेरी रस्ता, आणि दोन्ही देशांतला बहुतेक माल त्यावरूनच. शेजारी चीननं स्वतःच्या पैशानं नवा चौपदरी पूल बांधला, २०१४ पर्यंत तो उभा राहिला, पण वर्षानुवर्षं त्यावरून वाहतूक नाही, कारण पलीकडचा रस्ता आणि नाका किमनी रखडवला. सप्टेंबर २०२५ मध्ये किम बीजिंगच्या संचलनाला शी आणि पुतिन यांच्या शेजारी उभे राहिले, दुसऱ्या दिवशी शी यांच्याशी चर्चा झाली, आणि जाहीर केलेल्या मजकुरात अण्वस्त्रमुक्तीचा शब्द नव्हता. त्यामुळे नव्या पुलावरून पहिला ट्रक कधी जातो यावर मी लक्ष ठेवणार आहे. तारीख दिसली तर कुणीतरी इथं टाका.